ग्राहकाच्या तोंडचा शब्द
(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



फळ्यावर खडू झिजविण्यात ज्याची हयात गेली, त्याने संकेतस्थळ आणि व्यापार यांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना नवलाचे वाटेल. मलाही ते वाटले. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय मजवर सोपविला तेव्हा मी नकार दिला नाही. कारण या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि शिक्षकाने आपली चूक चारचौघांत सांगितली तर ती दहा जणांच्या उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या समाजातील किती तरी तरुण अलीकडे नोकरीची वाट न पाहता स्वतःचा व्यवसाय करू लागले आहेत. कोणी मसाले करतो, कोणी डाळिंबाची रोपे विकतो, कोणी भिगवणला खाणावळ काढली आहे. प्रत्येकाचे संकेतस्थळ आहे. आणि प्रत्येकाकडे कोणी ना कोणी येऊन सांगून गेलेला आहे की, “इतके पैसे द्या, तुम्हांला गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो.” मुले पैसे देतात. पैसे जातात, ग्राहक येत नाही. वस्तुतः पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच संकेतस्थळे चालविणारांसाठी स्पष्ट लिहून ठेवलेले आहे. पण ते वाचतो कोण? ज्या घरात पहिल्याच वर्षी भांडवलाचा असा चुराडा होतो, त्या घरातील मुलगा पुन्हा धंद्याचे नाव काढीत नाही. म्हणून हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

प्रथम शोध म्हणजे काय, ते पाहू. 1998 साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन तरुण संशोधकांनी गूगल ही कंपनी स्थापन केली. आपण त्या चौकटीत शब्द लिहिला म्हणजे यंत्र त्या क्षणी जगभर धावत सुटते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे ते नाही. मोठ्या ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशी सूची त्या यंत्राने जगातील पाने आधीच वाचून तयार ठेवलेली असते. आपण शब्द लिहिताच ते सूची उघडते, आणि सापडलेल्या पानांतून कोणते वर दाखवावे हे ठरविते. ते ठरविताना पानावरील मजकूर प्रश्नाशी किती जुळतो, इतर संकेतस्थळे त्या पानाकडे बोट दाखवितात काय, विचारणारा माणूस कोणत्या गावी आहे, अशा अनेक गोष्टी ते पाहते. माणूस त्या चौकटीत जो शब्द किंवा जो प्रश्न लिहितो, त्याला धंद्यातील मंडळी ‘कीवर्ड’ म्हणतात. आपण त्यास शोधशब्द म्हणू. ज्या पानावर ग्राहकाचा शब्दही नाही आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तरही नाही, ते पान सूचीच्या तळाशी पडून राहिले तर यंत्राला दोष देता येत नाही.

आता माझ्या चुकीकडे वळतो. माझा एक जुना विद्यार्थी बारामतीस गुळाचे दुकान चालवितो. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, त्या पाण्यावर ऊस आला आणि उसामागून गुऱ्हाळे आली, हा आपल्या भागाचा इतिहास आपणांस ठाऊकच आहे. त्याने संकेतस्थळ काढले आणि मजकूर लिहिण्यासाठी तो मोठ्या आदराने मजकडे आला. मी दोन रात्री जागून लिहिले : “मधुर इक्षुरसापासून निर्मित, सुवर्णकांती, आरोग्यवर्धक गुडाचे विश्वसनीय विक्रेते, सचोटी हेच आमचे ब्रीद.” एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. मला फार समाधान वाटले.

वर्षाने तो परत आला. म्हणाला, “गुरुजी, पान फार सुंदर झाले आहे असे सगळे म्हणतात. पण ते पाहायला कोणी येत नाही.”

गूगलचे ‘सर्च कन्सोल’ नावाचे एक विनामूल्य साधन आहे. आपले पान कोणकोणत्या शब्दांच्या शोधात लोकांपुढे आले आणि किती जणांनी ते उघडले, हे त्यात दिसते. त्याने ते मला मोबाइलवर दाखविले. त्या यादीत जवळजवळ एकच शब्द होता, तो म्हणजे त्याच्या दुकानाचे नाव! म्हणजे जे त्याला आधीपासून ओळखत होते, तेवढेच त्याला शोधीत होते. ज्याला गूळ हवा आहे पण दुकान ठाऊक नाही, असा एकही मनुष्य त्या पानापर्यंत पोहोचला नव्हता. ‘इक्षुरस’ हा शब्द लिहून गूळ शोधणारा मनुष्य महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे, हे मला त्या दिवशी कळले.

मी त्याला सांगितले, “बाळा, माझे लिखाण काढून टाक. उद्यापासून गल्ल्याजवळ एक वही ठेव. येणारे गिऱ्हाईक ज्या शब्दांत मागेल, त्याच शब्दांत लिहीत जा. एक अक्षरही सुधारू नकोस.” पंधरा दिवस वही चालली. त्याच्या मातोश्रींनी ती बरीचशी भरली. कारण तीस वर्षे दुकानात बसून गिऱ्हाइकांचे बोलणे त्यांना तोंडपाठ झाले होते. त्या वहीत काय निघाले? “चहासाठी कोणता गूळ?” “गुळाच्या चहात दूध फाटते, त्याला काय करावे?” “चिक्कीचा गूळ आहे का?” “पोळीला मऊ गूळ द्या.” “काळा, बिनरसायनाचा गूळ मिळेल का?” “काकवी आहे का?” “शंभर किलो घेतला तर काय भाव?” “पुण्याला पाठवता का?”

बंधूंनो, यातील एकही शब्द माझ्या मजकुरात नव्हता. उलट मी ‘सुवर्णकांती’ म्हणून ज्याचा गौरव केला, तो पिवळाधमक गूळ पुष्कळ वेळा रसायन घालून उजळविलेला असतो हे लोकांना आता समजू लागले आहे, आणि गिऱ्हाईक मुद्दाम काळसर गूळ मागते. माझा शब्द नुसता निरुपयोगी नव्हता. तो उलट दिशेस नेणारा होता. दुकानदाराचाही एक शब्द असाच निघाला. गुळाच्या बाजारात मोठ्या ढेपेला ‘रवा’ म्हणतात. त्याने पानावर “दहा किलोचा रवा” असे लिहिले होते. घरी बसलेल्या गृहिणीच्या दृष्टीने रवा म्हणजे शिऱ्याचा रवा! व्यापाऱ्याचा शब्द व्यापाऱ्यांत शोभतो. ग्राहक त्या शब्दाने आपल्याकडे येत नाही.

वही झाल्यावर तिची पारख करावी लागते. त्याची रीत सांगतो. वहीतील शब्द गूगलच्या चौकटीत अर्धवट लिहावा. खाली ज्या सूचना उमटतात त्या इतर लोकांच्या शोधांवरून आलेल्या असतात. त्या वहीत उतरवून घ्याव्यात. नंतर ‘गूगल ट्रेंड्स’ पाहावे. कोणता शब्द वर्षाच्या कोणत्या काळात चढतो ते तेथे दिसते. मात्र तेथील शंभर म्हणजे शंभर माणसे नव्हेत. निवडलेल्या काळातील सर्वांत मोठ्या उंचीस शंभर मानून बाकीचे त्या प्रमाणात मोजलेले असते. मकरसंक्रांत जानेवारीत येते, तेव्हा तिळगुळाचा शोध तेव्हाच वाढणार. पण नवे पान यंत्राच्या नजरेस पडून सूचीत स्थिर व्हावयास वेळ लागतो, यास्तव संक्रांतीचे पान दिवाळीतच लिहून ठेवावे. तिसरे साधन ‘कीवर्ड प्लॅनर’. त्यात महिन्याला साधारण किती शोध होतात याचा अदमास मिळतो. त्यात ‘स्पर्धा’ असा एक रकाना असतो, तो जाहिरातदारांच्या स्पर्धेचा असतो. जाहिरातीवाचून वर येणे सोपे की कठीण, हे त्यावरून ठरवू नये. आणि एखाद्या मराठी शब्दापुढे आकडा अगदी लहान दिसला किंवा दिसलाच नाही, तरी तो शब्द टाकून देऊ नये. महिन्याला दहाच माणसे “बारामतीत घाऊक गूळ” असे शोधीत असतील, पण ती दहाही खरेदीस निघालेली माणसे असतात.

यावरून दुसरा मुद्दा येतो. सर्व शोध एका हेतूने होत नाहीत. आंद्रेई ब्रोडर या संशोधकाने 2002 साली शोधांचे तीन प्रकार सांगितले : कोणी ठराविक ठिकाणी पोहोचण्यासाठी शोधतो, कोणी माहितीसाठी शोधतो, तर कोणी काही मिळविण्यासाठी, खरेदीसाठी शोधतो. आपली वही या तीन रकान्यांत वाटून पाहा. दुकानाचे नाव हा पहिला प्रकार. “गुळाचा चहा का फाटतो” हा दुसरा. तेथे लगेच भावफलक पुढे करू नये, सरळ उत्तर द्यावे की चहा उकळल्यावर खाली उतरवून मग गूळ घालावा. “चिक्कीचा गूळ घाऊक भाव” हा तिसरा. तेथे गुळावर निबंध नको, भाव, किमान माल, पाठविण्याची सोय आणि दूरध्वनी क्रमांक पाहिजे. एका पानात हे तिन्ही कोंबले की एकाचेही समाधान होत नाही. 2024 पासून तर पुष्कळशा माहितीच्या प्रश्नांना गूगल यंत्रबुद्धीने रचलेले उत्तर आपण होऊनच वर दाखविते, आणि विचारणारा पुढे कोणाच्या पानावर जातोच असे नाही. म्हणून लहान व्यापाऱ्याने तिसऱ्या प्रकारच्या शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे. उत्तर यंत्र देईल, गूळ मात्र कोणाकडून तरी घ्यावाच लागेल.

तिसरा मुद्दा रुंद आणि अरुंद शब्दांचा. नुसत्या ‘गूळ’ या शब्दावर ज्ञानकोश, वर्तमानपत्रे आणि मोठमोठ्या विक्रीकंपन्या बसलेल्या आहेत. तेथे आपल्या मुलाने उभे राहणे म्हणजे सायकलवरून आगगाडीशी शर्यत लावणे होय. परंतु “चिक्कीसाठी गूळ बारामती” या गल्लीत तो एकटा उभा असू शकतो. शब्द जितका नेमका, तितकी गर्दी कमी आणि ग्राहक पक्का.

चौथा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तो शुद्धलेखनाचा. ‘गूळ’ हा शब्द दीर्घ लिहावयाचा, ‘गुळाचा’ मात्र ऱ्हस्व. ‘डाळिंब’ यातील ळि ऱ्हस्व. हे मी जन्मभर शिकविले. लोक मात्र ‘गुळ’ आणि ‘डाळींब’ असे सर्रास लिहितात. मग संकेतस्थळावर चूक लिहावी काय? माझे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. अशा किरकोळ चुका यंत्र बहुधा आपण होऊन सांभाळून घेते. चुकीचे शब्द मुद्दाम पेरून पानाची शोभा घालविण्याचे कारण नाही. खरी काळजी लिपीची आणि भाषेची घ्यावी. पुष्कळ मराठी माणसे मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहितात. हिंदीभाषक ‘गुड़’ शोधतो, तर इंग्रजीत लिहिणारा ‘जॅगरी’. 2017 पासून गूगलला मराठीत तोंडी विचारण्याचीही सोय झाली आहे, त्यामुळे ज्यांना लिहिण्याचा कंटाळा, तेही आता पूर्ण वाक्यात प्रश्न विचारतात. म्हणून मराठीचे पान वेगळे आणि इंग्रजीचे पान वेगळे असावे, आणि दोन्ही नीट लिहिलेली असावीत.

याच गोष्टीचा दाखला इंदापूर तालुक्यात पाहावयास मिळतो. भीमेवरील उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या परिसरात हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि गावकरी नावेतून पाहुण्यांना ते दाखवितात. पक्षिमित्र ज्याला ‘रोहित’ किंवा ‘अग्निपंख’ म्हणतात, त्याला पुण्यामुंबईचा पाहुणा ‘फ्लेमिंगो’ म्हणूनच शोधणार. त्याला कुंभारगाव ठाऊक नसते, त्याला ‘भिगवण’ ठाऊक असते. आणि भिगवणही रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. “फ्लेमिंगो कोणत्या महिन्यात दिसतात”, “पुण्याहून किती अंतर”, “नाव सकाळी किती वाजता निघते”, “जेवणाची सोय आहे का”, हे त्याचे खरे प्रश्न. ज्या नावाड्याने किंवा खाणावळवाल्याने या प्रश्नांची उत्तरे आपल्या पानावर साध्या शब्दांत दिली, त्याच्यापर्यंत पाहुणा येण्याचा संभव. “निसर्गरम्य परिसरात अविस्मरणीय अनुभव” एवढेच लिहिणाराचे पान माझ्या इक्षुरसाच्या वाटेने जाणार! मात्र आपल्या ‘रोहित’ला हद्दपार करण्याचे कारण नाही. मथळ्यात ‘फ्लेमिंगो’ लिहा, आणि खाली सांगा की आम्ही मराठीत याला रोहित म्हणतो. पाहुणा एक शब्द घेऊन येईल आणि दोन घेऊन जाईल.

शब्द निवडल्यावर ते ठेवावयाचे कोठे? पानाच्या शीर्षकात, मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात आणि चित्राच्या वर्णनात. तेही सहज वाक्यात बसतील तेवढेच. काही मंडळी पानाच्या पडद्याआड शब्दांची भली मोठी यादी भरून त्याचे पैसे घेतात. गूगल क्रम लावताना ती यादी विचारात घेत नाही, असे त्याने 2009 सालीच जाहीर केले आहे. एकच शब्द पन्नास वेळा घोटणे हे तर गूगलच्या नियमांविरुद्ध असून त्याने पान खाली जाते. आणखी एक गोष्ट आपल्या छापखान्यांमुळे घडते. जुन्या मराठी अक्षरवळणांत जुळविलेला मजकूर, किंवा पत्रकाचे नुसते छायाचित्र, संकेतस्थळावर चढविले जाते. आपल्याला ते मराठी दिसते. यंत्राला त्या जुन्या अक्षरांत मराठी शब्द सापडत नाहीत, आणि छायाचित्रातील मजकुराचा भरवसा नसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. याशिवाय गूगलच्या नकाशावर दुकानाची विनामूल्य नोंद करावी, आणि तीत पत्ता, वेळ व व्यवसायाचा प्रकार बिनचूक भरावा. “माझ्याजवळचे गुळाचे दुकान” असे विचारणारास ती नोंदच प्रथम दिसते.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वही पुरी झाल्यावर माझा विद्यार्थी एक दिवस उत्साहाने आला. “गुरुजी, ‘कोल्हापुरी गूळ’ या शब्दाला सर्वांत जास्त मागणी दिसते. तोच आपल्या पानावर घालू या. पैसे घेणारा मनुष्यही तेच सांगतो.” मी विचारले, “तुझा गूळ कोठला?” तो म्हणाला, “आपल्याच गुऱ्हाळांतला.” मी म्हणालो, “मग तो कोल्हापुरी कसा?” त्याचे तोंड उतरले. “सगळेच लिहितात,” एवढेच तो म्हणाला, आणि दोन आठवडे मजकडे फिरकला नाही.

बंधुभगिनींनो, कोल्हापूरच्या गुळास 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. 1999 च्या कायद्याप्रमाणे ते नाव दुसऱ्या गावच्या मालास लावता येत नाही. सोलापूरच्या डाळिंबासही 2016 साली असेच मानांकन मिळाले. आपल्या इंदापूरच्या बागाइतदार बंधूंनीही हे ध्यानात ठेवावे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न राहतोच. खोट्या शब्दावर आलेले गिऱ्हाईक एकदा येईल, माल हाती घेताच ओळखील, आणि जाताना आपल्या नावाने चार शब्द लिहून जाईल. ते शब्दही त्याच यंत्राच्या सूचीत जाऊन बसतात, आणि आपल्याला ते पुसता येत नाहीत. पेढीचे नाव आजोबा-पणजोबांनी मिळविलेले असते; ते एका शोधशब्दासाठी गहाण टाकावयाचे काय?

दोन आठवड्यांनी तो आला. न बोलता त्याने मोबाइल माझ्या हाती दिला. पानाचा मथळा होता : “बारामतीचा गूळ : चिक्कीसाठी, पोळीसाठी, चहासाठी”. खाली त्याच्या मातोश्रींच्या शब्दांत प्रत्येक गुळाचा उपयोग सांगितला होता, आणि गुऱ्हाळ कोणत्या गावचे तेही लिहिले होते. पुढे काय झाले, तेही अतिशयोक्ती न करता सांगतो. ‘गूळ’ या एका शब्दावर त्याचे पान आजही कोठे दिसत नाही. परंतु त्या यादीत आता दुकानाच्या नावाशिवाय इतर शब्द दिसू लागले आहेत. पुढच्या संक्रांतीस पुण्याहून चिक्की करणाऱ्या दोघांनी चौकशी केली. त्यांतील एक कायमचा ग्राहक झाला. पैसे घेणाऱ्या माणसाचा करार त्याने पुढे चालविला नाही.

बारामतीत शब्दांविषयी बोलावे आणि मोरोपंतांचे स्मरण होऊ नये, हे अशक्य आहे. कऱ्हेच्या काठी 1794 साली पंतांनी देह ठेवला. त्यांनी रामायणाच्या शंभरावर रचना केल्या. त्यांत एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ज्यात ओठांनी उच्चारावयाचे एकही अक्षर येऊ द्यावयाचे नाही! शब्द तोलून मापून घेण्याची याहून मोठी कसोटी ती कोणती? पण पंतांचे शब्द त्यांच्या प्रतिभेतून येत. व्यापाऱ्याचा शब्द गिऱ्हाइकाच्या ओठांतून यावा लागतो. मी जन्मभर पहिल्या प्रकारच्या शब्दांची भक्ती केली आणि उतारवयात एका गल्ल्यावरच्या वहीने मला दुसरा प्रकार शिकविला.

म्हणून माझी विनंती इतकीच. तरुणांनी पैसे देण्यापूर्वी आपल्या दुकानात, आपल्या आईवडिलांजवळ, वही घेऊन पंधरा दिवस बसावे. यंत्र कसे चालवावयाचे ते तरुणांना कळते. गिऱ्हाईक काय बोलते ते घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः दुकानात बसणाऱ्या आपल्या माताभगिनींना कळते. ही दोन ज्ञाने एकाच घरात आहेत, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून तिसराच मनुष्य मध्ये पैसे घेऊन जातो. आणि वडीलधाऱ्यांनीही “आम्हांला त्या मोबाइलमधले काय कळते?” असे म्हणून अंग काढून घेऊ नये. ज्याला गिऱ्हाइकाचा शब्द ठाऊक आहे, त्याला त्यातले अर्धे कळलेच आहे. कोणास वही तपासून हवी असल्यास मी घरीच असतो. तांबड्या शाईचे पेन अजून शिल्लक आहे. मात्र या वेळी गिऱ्हाइकाच्या शब्दांवर ते चालविणार नाही, एवढे वचन देतो.